सत्तावीस स्लाइडवरून अकरावर : आमचा पिच डेक कसा घडला

मागच्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी विचारलं की तुमचा डेक पाठव ना, आम्हाला पण फंडिंगसाठी बनवायचाय. डेक म्हणजे इन्व्हेस्टरला आपलं काम समजावून पैसे मागायच्या स्लाइड. पाठवला, पण पाठवताना वाटलं की नुसता डेक बघून फार काही हाती लागणार नाही, कारण कुठली स्लाइड अशी का आहे आणि तिच्या जागी आधी काय होतं ते त्यात दिसत नाही. म्हणून सगळं बसून लिहितेय, लांबेल जरा.

आधी आमचं काम काय ते सांगते. माझं माहेर सावळज, तासगाव तालुका, घरची द्राक्षबाग. आमच्याकडं बेदाण्याचा माल नागज, जुनोनी त्या बाजूच्या शेडवर जातो कारण तिकडची हवा कोरडी. द्राक्ष डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायची, जाळीच्या रॅकवर पसरायची, आणि मग साधारण १५ ते २० दिवस वाऱ्यावर सोडायची. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो असा सगळ्यांचा ढोबळ हिशोब. दर ठरतो रंगावर, हिरवा निघाला तर वर्ष निघतं, काळा पडला तर तोडणीचा आणि शेडचा खर्च पण अंगावर येतो. आणि काळा कशानं पडतो तर मार्च एप्रिलमध्ये रात्री अचानक येणाऱ्या पावसानं, शेडला छप्पर असतं पण बाजू उघड्या असतात, पडदे वेळेत खाली सोडले तर माल वाचतो नाहीतर नाही.

मी आणि माझा मावसभाऊ, तो इलेक्ट्रॉनिक्सवाला, आम्ही शेडसाठी एक बॉक्स केलाय. रॅकच्या तीन ठिकाणी सेन्सर, हवेतली आर्द्रता झपाट्यानं चढायला लागली की शेडवरच्या माणसाला फोन जातो. मेसेज नाही, नोटिफिकेशन नाही, फोनच, आणि उचलेपर्यंत परत परत जातो, कारण दिवसभर राबून झोपलेल्या माणसाला टिंग आवाजानं जाग येत नाही. २०२३ च्या सीझनला ६ शेडवर लावला, २०२४ ला ३१ शेडवर. आणि मग पैसे संपले.

त्याआधी इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडचा अर्ज केला होता, त्यात प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या नमुन्यासाठी, २० लाखांपर्यंत ग्रँट मिळू शकत होती आणि पैसे टप्प्याटप्प्यानं, ठरलेलं काम दाखवल्यावर येत होते. आम्हाला त्यातून काही रक्कम मिळाली होती, त्यावरच तो ३१ शेडचा सीझन निघाला. आता तीनशे शेड करायच्या तर ग्रँटवर भागणार नव्हतं, एंजल इन्व्हेस्टर, म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचे पैसे घालणारे लोक, लागणार होते, आणि त्यासाठी डेक.

जून २०२४ मध्ये मी पहिला डेक केला. ग्रँटसाठी जे प्रेझेंटेशन केलं होतं तेच उघडलं आणि त्यातच भर घालत गेले. सत्तावीस स्लाइड झाल्या. त्यात सेन्सरचं सर्किट होतं, आर्द्रता कशी मोजतो त्याचा फॉर्म्युला होता, भारतातल्या शेतीचं मार्केट किती अब्ज डॉलरचं आहे तो नेटवरून घेतलेला आकडा होता, आम्हाला मिळालेल्या सगळ्या सर्टिफिकेटचे फोटो होते. हा डेक आम्ही पुण्यातल्या अकरा जणांना पाठवला. नऊ जणांचं काहीच उत्तर आलं नाही. दोघांनी कॉल घेतला, त्यातल्या एकांनी पाचव्या स्लाइडला थांबवून विचारलं की हे सगळं ठीक आहे पण बेदाणा म्हणजे किसमिसच ना, आणि ती फॅक्टरीत बनत नाही का.

त्या प्रश्नाचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पाच मिनिटं बोलून झाली होती आणि समोरच्याच्या डोळ्यासमोर शेडच उभी राहिली नव्हती. मी लहानपणापासून शेड बघत आलेय त्यामुळं ते चित्र दाखवावं लागेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सत्तावीस स्लाइडमध्ये शेडचा एकही धड फोटो नव्हता.

इन्क्युबेटरमध्ये आम्हाला मेंटर म्हणून एक मॅडम मिळाल्या होत्या, त्यांनी स्वतः बरीच वर्षं इन्व्हेस्टरच्या बाजूला बसून काम केलंय. त्यांना डेक दाखवला. त्यांनी लॅपटॉप घेतलाच नाही, म्हणाल्या माझ्या व्हॉट्सॅपवर पाठव, मी मोबाईलवर बघते, कारण सगळे असंच बघतात. मोबाईलवर उघडल्यावर आमच्या निम्म्या स्लाइडवरची अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. मग त्यांनी सांगितलं की २०१५ मध्ये डॉकसेंड नावाच्या कंपनीनं अभ्यास केला होता, इन्व्हेस्टर एका डेकवर सरासरी किती वेळ घालवतो, तर ३ मिनिटं ४४ सेकंद. तो अभ्यास अमेरिकेतला, पण आपल्याकडं लोक जास्त वेळ देतील असं धरून चालू नकोस म्हणाल्या. सत्तावीस स्लाइड असतील तर एका स्लाइडला आठ सेकंद येतात. मी घरी येऊन घड्याळ लावून आठ सेकंदात एकेक स्लाइड वाचून बघितली. माझी मलाच वाचून होत नव्हती.

आता डेकमध्ये काय काय असावं याचे साचे नेटवर भरपूर आहेत. सिकोया कॅपिटल या अमेरिकेतल्या इन्व्हेस्टर कंपनीचा साचा सगळ्यात जास्त फिरतो, त्यात कंपनी काय करते ते एका वाक्यात, मग अडचण, उपाय, हे आत्ताच का, मार्केट किती, स्पर्धा कोण, प्रॉडक्ट, पैसे कसे मिळवणार, टीम, हिशोब असा क्रम आहे. गाय कावासाकीचा १०, २०, ३० चा नियम पण बऱ्याच जणांना माहीत असेल, दहा स्लाइड, वीस मिनिटं, अक्षराचा आकार तीसच्या खाली नाही. हे सगळं मी आधी पण वाचलं होतं. पण साच्यात भरायला जो माल लागतो तोच आमच्याकडं नव्हता, हे मॅडमनी एकेका स्लाइडवर प्रश्न विचारायला लागल्यावर कळलं. पुढचे जवळजवळ सात आठवडे आम्ही स्लाइडवरचं काम कमी आणि फोन, फिरणं, मोजणंच जास्त केलं.

सगळ्यात मोठा प्रश्न निघाला पैसे कोण देणार याचा. आमच्या डेकवर लिहिलं होतं, ग्राहक : शेडमालक. मॅडमनी विचारलं माल काळा पडला तर कुणाचे पैसे जातात. मी म्हटलं शेतकऱ्याचे, शेडमालकाला तर किलोमागं ठरलेलं भाडं मिळतंच. मग शेडमालक तुम्हाला पैसे का देईल? माझ्याकडं उत्तर नव्हतं. ३१ पैकी १९ शेड भाड्यानं चालणाऱ्या होत्या आणि त्या सगळ्या मालकांनी आम्हाला सीझनचे पैसे दिले होते, म्हणजे त्यांना काहीतरी फायदा दिसला होता, पण काय ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

चार दिवस बसून ३१ च्या ३१ जणांना फोन केले. पहिल्या चार पाच जणांनी चांगलं आहे, उपयोग होतो असं वरवरचं सांगितलं. मग नागजच्या एका मालकांनी सांगितलं, "ताई, तुमचा बॉक्स हाय म्हणल्यावर माझी शेड आधी भरती. रोडला बोर्ड लावलाय की मी." मी दुसऱ्या दिवशी गाडी काढून गेले बघायला. खरंच बोर्ड होता, पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात, शेड भाड्यानं मिळेल, मोबाईल नंबर, आणि खाली 'सेन्सरची सोय आहे'. ते रंगवायला त्यांनी स्वतःचे पैसे घातले होते. त्या बोर्डचा फोटो काढला आणि तोच आमची बिझनेस मॉडेलची स्लाइड झाला, वर एकच वाक्य : शेडमालक पैसे देतो कारण त्याची शेड आधी भरते. खाली तीन आकडे, बॉक्स बनवायला ६,८०० रुपये, सीझनचं भाडं ४,५००, त्यातून सिम आणि देखभाल जाऊन हातात ३,६००. आधी तिथं चार रंगांची आकृती होती बाणांची.

स्लाइडच्या डोक्यावर 'प्रॉब्लेम', 'सोल्युशन' अशी नावं लिहायची नाहीत, पूर्ण वाक्य लिहायचं, हे पण त्यातूनच शिकले. कारण बरेच जण फक्त वरच्या ओळी वाचत खाली जातात, तेवढ्याच ओळी सलग वाचल्या तरी आख्खी गोष्ट समजली पाहिजे. मी शेवटी शेवटी स्लाइड उघडायच्या आधी वहीत फक्त अकरा वाक्यं लिहायचे आणि घरी आबांना वाचून दाखवायचे. जिथं ते "म्हंजे?" म्हणायचे ते वाक्य परत लिहायचं.

मार्केटच्या स्लाइडचं सांगते, कारण तिथं सगळेच फसतात. आमचा तो अब्ज डॉलरचा आकडा काढून टाकायचा ठरलं, पण त्या जागी काय? एअरबीएनबी म्हणजे लोकांच्या घरातल्या जागा पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणारी वेबसाइट, तिचा सुरुवातीचा डेक नेटवर आहे, त्यात त्यांनी दुसऱ्या वेबसाइटवर आज किती लोक अशा जागा वापरतायत ते मोजून दाखवलं होतं. तो बघून भावाला सुचलं की आपण शेडच मोजू. शेड लांबलचक असतात, सॅटेलाइट मॅपवर पट्टीसारख्या स्पष्ट दिसतात. दोन रात्री आम्ही गावं वाटून घेऊन बसलो, दिसली शेड की पिन टाक. मग शनिवारी रविवारी प्रत्यक्ष फिरून तीन गावांत पडताळून बघितलं, काही पिना पोल्ट्रीच्या निघाल्या, त्या काढल्या. जो आकडा उरला तो आधीच्यापेक्षा कितीतरी लहान होता, आणि मला धाकधूक होती की एवढं लहान मार्केट बघून कुणी पैसे देणार नाही. पण स्लाइडवर तो पिनांनी भरलेला नकाशा लावल्यावर प्रत्येक मीटिंगमध्ये लोक तिथं थांबले, झूम करून बघायचे, प्रश्न विचारायचे. टॅम, सॅम, सॉम, म्हणजे एकूण मार्केट, त्यातलं आपल्याला पोचता येणारं आणि त्यातलं खरंच मिळेल तेवढं, ही नेहमीची तीन वर्तुळं आम्ही काढलीच नाहीत.

मार्केट लहान आहे हा प्रश्न अर्थात आलाच. आणि त्याच्या जोडीला दुसरा, की तुमचा सीझन फेब्रुवारी ते मे, बाकीचे महिने काय? पहिल्या डेकमध्ये मी याचं उत्तर म्हणून हळद, कांदा, मका, मिरची, काजू अशी सात पिकांची यादी दिली होती. मॅडम म्हणाल्या सात लिहिलीस म्हणजे एकाचाही विचार केलेला नाहीस. बरोबर होतं त्यांचं. हळद तर आमच्याकडं नेमकी त्याच महिन्यांत शिजवून वाळवतात, म्हणजे रिकाम्या महिन्यांना तिचा काहीच उपयोग नाही, आणि हे सांगलीच्या मुलीला ध्यानात यायला हवं होतं. नीट विचार केल्यावर उत्तर दारातच होतं. तयार बेदाणा बॉक्समध्ये भरून तासगाव, सांगलीच्या कोल्ड स्टोरेजला जातो आणि दर येईपर्यंत महिनोन् महिने तिथंच राहतो. तिथं पण आर्द्रता सांभाळावी लागतेच. मग आम्ही जुलैत दोन कोल्ड स्टोरेजवर जाऊन विचारलं, एकानं चाचणीसाठी चार बॉक्स लावून घेतले, महिन्याला बॉक्समागं ५०० रुपये. निम्मे बॉक्स जरी सहा महिने तिकडं गेले तरी एका बॉक्सचा खर्च दीड वर्षाच्या आत वसूल होतो, आधी दुसरा सीझन संपेपर्यंत थांबावं लागत होतं. डेकमध्ये यादी गेली, एक ओळ आली.

स्पर्धेच्या स्लाइडवर आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, स्पर्धक नाही. असं कधीच लिहू नका. इन्व्हेस्टर त्याचा अर्थ असा घेतो की एकतर तुम्ही शोधलं नाही किंवा ही गरजच कुणाला नाही. आमचे स्पर्धक आज शेडवर कोण आहेत असा विचार केला तर तीन निघाले, रात्री राखणीला असलेला माणूस, मोबाईलमधलं हवामानाचं अ‍ॅप, आणि आबांसारख्या माणसाचा हात. आबा मूठभर बेदाणा घेऊन दाबतात आणि सोडतात, दाणे सुटे झाले तर वाळला, गोळा राहिला तर नाही. ते चुकत नाहीत. स्लाइडवर आम्ही सरळ लिहिलं की वाळलाय का हे हाताला आमच्यापेक्षा चांगलं कळतं आणि ते काम आम्ही करत नाही, आम्ही फक्त रात्रीचं सांभाळतो. भाऊ म्हणत होता असं लिहिलं तर आपण कमी दिसू. पण बॉक्स जे करत नाही ते सांगितल्यावर जे करतो त्यावर लोकांनी पटकन विश्वास ठेवला असा माझा अनुभव आहे.

आणि आता ती स्लाइड जिच्यामुळं माझ्या मते सगळं झालं. आमच्याकडं ३१ शेडचा सगळा डेटा होता आणि पहिल्या डेकमध्ये आम्ही त्याची सरासरी दाखवली होती, इतके अलर्ट, इतके टक्के अचूक वगैरे. ती काढून एका शेडची एक रात्र लावली. एप्रिलमधली, जुनोनीजवळची शेड. आख्ख्या स्लाइडवर एकच रेघ. दोन वाजेपर्यंत आर्द्रता चाळिशीत सपाट, २ वाजून १० मिनिटांनी चढायला लागते, २.२५ ला फोन, तिसऱ्या वेळी उचलला, २.५० ला पडदे खाली, ३.०५ ला पाऊस. या चार वेळा रेघेवर चार ठिपके करून लिहिल्या. बाजूला विक्रीच्या दोन पावत्यांचे फोटो, याच शेडच्या मालाची आणि शेजारच्या शेडची, जिथं बॉक्स नव्हता, त्याच आठवड्याच्या सौद्यातल्या, नावं झाकून. किलोमागं ४० रुपयांचा फरक. शेजारच्या काकांना पावती मागायला गेले तेव्हा मला फार जड गेलं, त्यांचं नुकसान झालेलं आणि मी त्याचा फोटो मागतेय. त्यांनी दिली, आणि म्हणाले पुढच्या वर्षी मला पण लाव.

मीटिंगमध्ये मी त्या स्लाइडवर दोन मिनिटं काहीच घाई करत नाही. २.१० ला काय होतं ते सांगते, पडदे सोडायला किती माणसं लागतात ते सांगते. ज्यांना बेदाणा फॅक्टरीत बनतो असं वाटायचं ते पण तिथं पुढं सरकून बसतात.

पैसे किती हवेत ती स्लाइड. आधी गोल चकती होती, मार्केटिंग ४० टक्के, रिसर्च ३० टक्के, असं. तिच्या जागी लिहिलं : ७५ लाख, १८ महिने, म्हणजे मधे एक पूर्ण सीझन आणि दुसऱ्याची सुरुवात, ३०० शेड, १० कोल्ड स्टोरेज. आणि प्रत्येक टप्प्याला किती खर्च. व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत किती धरायची ते, डेकवर लिहायचं नाही, ते बोलण्यात ठरतं, आधी लिहिलं तर कुणाला जास्त वाटून तो बोलायलाच येत नाही. पण शेअर कुणाकडं किती आहेत ती माहिती मात्र तयार ठेवायची, शेवटच्या पानावर, मागितली की लगेच.

डेक दोन करायला लागतात हे पण कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाठवायचा वेगळा, कारण तिथं समजवायला आपण नसतो, त्यात प्रत्येक फोटोखाली दोन ओळी हव्यात. बोलायचा वेगळा, त्यात फोटो आणि वरचं वाक्य एवढंच, नाहीतर लोक वाचत बसतात आणि आपलं ऐकत नाहीत. पीडीएफच पाठवायची, फाइलच्या नावात कंपनी आणि महिना घालायचा. आमच्या पहिल्या फाइलचं नाव 'फायनल डेक नवीन २' होतं, ती समोरच्याच्या फोनमध्ये परत सापडणार कशी.

सप्टेंबरमध्ये नवा डेक अकरा स्लाइडचा, चौदा जणांना पाठवला. आठ जणांनी कॉल घेतला. एका एंजल नेटवर्कमध्ये दहा मिनिटं पिच आणि पंधरा मिनिटं प्रश्न असं झालं, तिथून एक जण पुढाकार घ्यायला तयार झाले आणि त्यांच्याबरोबर आणखी चौघे. त्याच जुलैच्या बजेटमध्ये एंजल टॅक्स, म्हणजे रास्त किमतीपेक्षा जास्त दरानं शेअर दिले तर जादा रकमेवर कंपनीला लागणारा कर, काढून टाकायची घोषणा झाली होती, त्यामुळं त्या विषयावर सीएंकडं ज्या फेऱ्या झाल्या असत्या त्या बऱ्याच वाचल्या. नकार पण आले, एकांनी स्पष्ट सांगितलं की तुमचं सगळं पटतं पण आमच्या फंडाला हवी तेवढी मोठी कंपनी यातून होईल असं दिसत नाही. मला तो नकार आवडला, निदान कारण कळलं.

मग पुढची तपासणी सुरू झाली, दोन महिने. कंपनीचे कागद, बँक स्टेटमेंट, त्या एप्रिलच्या रात्रीचा कच्चा डेटा पण मागितला, रेघ खरी आहे का बघायला. आणि न सांगता त्यांनी आमच्या पाच ग्राहकांना फोन केले. नागजच्या त्या बोर्डवाल्या मालकांनी मला नंतर सांगितलं, पुण्यास्नं कुणीतरी विचारत होतं बॉक्स बंद पडला तर काय करता म्हणून. मी विचारलं तुम्ही काय सांगितलं. म्हणाले, "सांगितलं की दोनदा पडला बंद. पर रात्री फोन लावला तर पोरगी उचलती, आन् सकाळी भाऊ हजर."

बंद पडल्याचं आम्ही डेकमध्ये लिहिलं नव्हतं. पुढच्या कॉलवर मी आपण होऊन तो विषय काढला, दोन्ही वेळा काय झालं होतं, एकदा बॅटरी आणि एकदा उंदरानं वायर कुरतडलेली, त्यावर काय केलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले हे आम्हाला माहीत आहे, एक स्लाइड घाला याची. घातली. आता डेक बारा स्लाइडचा आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पैशांचा पहिला हप्ता जमा झाला. पहिली शेड भरायला तीन आठवडे होते आणि १२० बॉक्स जोडायचे होते. भावानं मिरजेत एक गाळा भाड्यानं घेतला, आबा दोन दिवस येऊन नळ्या कापून द्यायला बसले.